अनवाणी सैनिकाचा पाय

मला सगळं माहीत असतं, असं खालापूर तालुक्यात बोललं जातं. हे बोलणं पसरवण्यात माझाच हात मोठा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी कुणाला फार कणव यायला नको.

तहसील कचेरीच्या अलीकडे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या बाजूला घर. दुकानात प्रती काढतो, अर्ज लिहून देतो, आधारकार्डं लॅमिनेट करतो. आणि इथल्या एका साप्ताहिकात वीसेक वर्षं माझं सदर चालू आहे. वाचकांनी विचारायचं, मी उत्तर द्यायचं. संपादकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, राजकारण नको, जमिनीच्या भानगडी नकोत, देवधर्म नको. मग आमच्या तालुक्यात उरलं काय? खेळ, सिनेमा आणि गाणी. सिनेमातसुद्धा लोकांचा जीव अडकतो तो लढाईच्या सिनेमात. नायकाला सात गोळ्या लागल्यावर तो आईचा निरोप कसा काय देतो, हे मला आजवर किती जणांनी विचारलं असेल, देव जाणे.

पूर्वी पोस्टकार्डं यायची. पोस्टकार्ड लिहिणारा माणूस निदान टेकून बसायचा, विचार करायचा, खाली 'आपला नम्र' म्हणायचा. आता व्हॉट्सॲपवर आवाज येतो. मोटारसायकलवरून कुणीतरी ओरडत असतो, "भाऊ, कबड्डीला बोनस कधी भेटतो?" आणि मागून ट्रकचा हॉर्न. दुसरा विचारतो, भजनी बुवा 'काळी चार लाव' म्हणतात ते काय? तिसऱ्याचा प्रश्न असा की, चेंडू शेजारच्याच्या भातखाचरात गेला, सापडेना, फलंदाज आपला पळतोच आहे, तर धावा किती धरायच्या? ह्याला काय डोंबल उत्तर देणार? पण दिलं. लिहिलं, 'नाणेफेकीआधी जे ठरलं असेल ते.' लोकांना ते फार पटलं. दोन गावांत म्हणे त्यावरून भांडण मिटलं आणि तिसऱ्या गावात सुरू झालं.

जिज्ञासा ही मोठी गुणाची गोष्ट आहे असं शाळेत शिकवतात. वीस वर्षं जिज्ञासू लोकांशी गाठ पडल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. माणसाला उत्तर नको असतं. त्याला शेजाऱ्याला खोटं पाडायचं असतं, आणि त्यासाठी माझ्यासारखा कुणीतरी छापील साक्षीदार हवा असतो. मीही तेवढ्याच आनंदानं साक्ष द्यायचो. कुणी रस्त्यात थांबवून म्हणालं, "काय लिवलंय भाऊ, मानलं तुमाला," की माझी मान दिवसभर ताठ. त्या ताठ मानेपायी मी काय केलं, ते सांगायला बसलो आहे.

सदराचे माझे दोन नियम होते. एक, 'माहीत नाही' असं कधी म्हणायचं नाही. दोन, दुरुस्ती छापायची नाही. चूक झालीच नाही तर दुरुस्ती कशाची? आणि चूक झाली तर ती चूक नाही, हे सिद्ध करायचं.

एकदा मी लिहून बसलो की समोर पाच गडी असले तरी कबड्डीत बोनस मिळतो. साफ चुकलं होतं. सहा लागतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चार दिवसांत एका गावचा अख्खा संघ दुकानाच्या दारात. एकेकाच्या मांड्या बघूनच माझी बायको आत गेली. कर्णधारानं पेपर काउंटरवर आपटला. मी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि म्हणालो, "जुन्या नियमाप्रमाणे लिहिलंय ते." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जुना नियम काय होता हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी चहा घेतला, कर्णधारानं माझ्याशी हात मिळवला आणि ते गेले.

ते गेल्यावर बायको कप उचलायला आली. ती म्हणाली, "एकदा चुकलं म्हणा की. एकदा म्हाईत नाय म्हणा. जीभ झडत नाय कोणाची त्यानं."

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. तिला नेहमीच माझ्याआधी कळतं, पण ते मान्य करायचा आमच्या घरात रिवाज नाही.

तर अशा माझ्या दुकानात तो माणूस पहिल्यांदा आला तो आधारकार्डाची प्रत काढायला. ठाकुरवाडीच्या अंगाला, घाटात, रेल्वेच्या रुळांच्याही वर बरंच चढून गेल्यावर त्याची वाडी. ठाकर आदिवासी होता. चाळिशीच्या आतला, काटक, रंगानं काळा, आणि उभा राहिला की जागचा हलायचा नाही. दुकानात गर्दी होती. अर्धा तास तो दाराच्या खांबाला टेकून उभा होता आणि मला पत्ताच नव्हता.

"कशाला हवी प्रत?" मी विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं, सवय.

"शूटिंगला लागती. मी मेल्याचं काम करतो."

मी मशीन बंद करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळा उलटून गवत वाळलं, डोंगर उघडे पडले, की कर्जतच्या बाजूला सिनेमावाले लढाई घेऊन येतात. मुंबई जवळ, डोंगर पाहिजे तसे, आणि माणसं मिळतात. लढाईच्या सिनेमात जिवंत थोडे लागतात आणि मेलेले पुष्कळ. जिवंत मुंबईहून गाडीत बसून येतात, मेलेले आम्ही पुरवतो. सकाळी चौक गावच्या नाक्यावर टेंपो लागतो. माणसं पुरवणारा एक जण आहे, त्याला सगळे सप्लायर म्हणतात. तो बोट दाखवील ते टेंपोत चढतात. बाकीचे परत जातात.

ह्याला सप्लायर पहिल्या खेपेला घ्यायचा, कारण हा हलत नसे. तापलेल्या कातळावर भर उन्हात तासन्‌तास पडून राहायचा. मी विचारलं, कसं काय जमतं बुवा? तर म्हणाला, "भाताच्या राखणीला माळ्यावर पडून ऱ्हायाची सवय हाय ना. जरा हललं की डुकराला कळतं. मंग तो येतच नाय, आनि दुसऱ्या दिवशी येऊन समदं तुडवून जातो."

तो मला आवडला, हे खरं. तालुक्यात मला प्रश्न विचारणारे हजार होते, माझ्या प्रश्नांना उत्तरं देणारा हा एकटा भेटला. महिना-दीड महिन्यानं यायचा. पावसात भिजून, घामात चुरगळून प्रत खराब व्हायची आणि सप्लायर नवी मागायचा. मी त्याला स्टुलावर बसवायचो आणि खोदून खोदून विचारायचो. रक्त कशाचं करतात? "साखरंच्या पाकावानी असतं. ग्वाड. मुंगळं येतात." एका सिनेमात एकदाच मरायचं का? "छ्या. सकाळी आपल्यातला मरायचं, दुपारी कपडे बदलून दुश्मनातला." मग फरक काय? तो हसला. "आपल्यातला मेला तर त्वांड वर. दुश्मन मेला तर त्वांड खाली. मला बहुतेक खालीच घालतात."

"का रं?"

"रंग बघा की माझा."

हे तो हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो. घरी येऊन ते सगळं लिहून काढलं. लढाईच्या सिनेमांवरची माझी उत्तरं तेव्हा फार गाजत होती. 'आमच्या अभ्यासानुसार कृत्रिम रक्त हे साखरेच्या पाकासारखे असते', असं मी लिहायचो. आमचा अभ्यास म्हणजे स्टुलावर बसलेला तो. त्याचा कुठे उल्लेख करावा, निदान 'एका जाणकारानं सांगितलं' एवढं तरी म्हणावं, असं मला एकदाही सुचलं नाही.

त्यानं स्वतः मला एकच प्रश्न विचारला होता. जाता जाता, पायरीवरून. "भाऊ, ती पिक्चर आमाला बघाया कुठं भेटंल?"

"येईल टीव्हीवर," मी म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद हातात घेतला.

मग एका उन्हाळ्यात तो आला तो आधीच हसत होता. बसल्या बसल्या म्हणाला, "परवा मी हललो, भाऊ."

झालं होतं असं. मोठी लढाई होती, मेलेले खूप, आणि बूट कमी पडले. सप्लायर मागच्या रांगेतल्यांना म्हणाला, तुमचे पाय कोण बघतंय, पडा तसेच. हा अनवाणी पडला, दुश्मन म्हणून, तोंड खाली. पाठीवर ते गोड रक्त ओतलेलं. मुंगळे आले. एक पायाच्या बोटांमध्ये शिरला आणि चावला. ह्यानं सोसलं, सोसलं, आणि मग राहवलं नाही, पाय झटकला. पुन्हा मेला. वर डायरेक्टर ओके म्हणाला. कुणाला दिसलं नाही.

"इतक्या वर्षांत पयल्यांदा," तो म्हणाला. त्याला स्वतःचीच गंमत वाटत होती आणि थोडी लाजही. मग उठताना म्हणाला, "कोणाला बोलू नका हां. सप्लायरला कळलं तं तो परत घेनार नाय."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हणालो.

वर्षभरानं तो सिनेमा लोकांच्या फोनवर आला. तालुक्यात सगळ्यांनी पाहिला, आपला डोंगर दिसतो म्हणून. आणि एका वाचकाचा प्रश्न आला. अमुक लढाईनंतर उतारावर प्रेतं पडलेली दाखवली आहेत, त्यांतलं एक अनवाणी का? शत्रूच्या सैन्यात बूट देत नाहीत का?

असा प्रश्न वर्षातून एकदा येतो. मी खुर्चीत सरसावून बसलो. इतरांना अनवाणी पाय दिसला होता. तो हलतो हे कुणालाच दिसलं नव्हतं. ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेली गोष्ट पोटात ठेवणं हे माझ्यानं आजवर कधी झालेलं नाही.

मी काय लिहिलं ते जसंच्या तसं देतो. 'शत्रूला बूट होते, पण आपल्याकडे कमी पडले. चाणाक्ष वाचकांनी तो अनवाणी पाय पुन्हा नीट न्याहाळावा. मुडदा चक्क पाय झटकतो. आमच्या तीक्ष्ण नजरेतून तो सुटला नाही. हा शूर सैनिक ठाकुरवाडीच्या बाजूचा आपलाच तालुकाबंधू असून, शत्रूच्या तोफांना न घाबरलेला हा वीर एका मुंगळ्यापुढे हरला.'

आमची तीक्ष्ण नजर. वाचा परत एकदा. मी तो पाय सिनेमात पाहिलाही नव्हता. लिहून झाल्यावर खात्री करायला म्हणून पाहिला.

पेपर गुरुवारी निघाला. शुक्रवारपर्यंत कुणीतरी तेवढाच तुकडा काढून पायाभोवती लाल गोल काढला होता. शनिवारी त्याला लग्नाच्या वरातीतलं बेंजोचं संगीत लागलं. पाय झटकला की ढोल वाजायचा. मला तो तुकडा इतक्या जणांनी पाठवला की फोन गरम झाला. "काय नजर हाय भाऊ तुमची." माझी मान आठवडाभर ताठ होती. चौकच्या नाक्यावर लोक त्याला 'हलता मुडदा' म्हणायला लागले, हे माझ्या कानावर आलं, तेव्हाही मला गंमतच वाटली. मुंबईहून कुणीतरी सप्लायरला फोन करून झापलं, सप्लायरनं त्याला टेंपोतून उतरवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून येऊ नको. हे मला नंतर कळलं. त्याच्याकडूनच.

तो आला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. मी स्टूल पुढे केलं. तो बसला नाही.

"भाऊ, तुमचा पेपर वाचून दावला मला एकानं."

मी म्हणालो, "अरे, गंमत होती ती. लोक विसरतील."

"लोक इसरतील. सप्लायर नाय इसरायचा." मग त्यानं जे सांगितलं ते त्यानं वाटेत पाठ केलं असावं, कारण एका दमात बोलला. "तुमी पुढच्या पेपरात लिवा, तो मी नव्हतो. दुसऱ्या कुठला व्हता, चुकून लिवलं, असं लिवा. तुमचं समदे ऐकतात. मंग मी पेपर नेऊन सप्लायरला दावीन. भात झालं की पावसापर्यंत आमाला तेवढंच काम हाय, भाऊ. त्याच्यावर घर चालतं."

दोन ओळींचं काम होतं. 'गेल्या अंकातील उत्तरात अनवधानाने चूक झाली.' एवढंच. वीस वर्षांत मी शेकडो लोकांना ह्याहून मोठे खोटे अर्ज लिहून दिले असतील.

पण मी चिडलो. त्याचं बरोबर होतं म्हणून चिडलो, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, हा कोण मला लिहायला सांगणारा. "तुझं नाव कुठे लिहिलंय मी?" मी म्हणालो. "दाखव. कुठे नाव आहे?"

तो एकेक बोट मोजत म्हणाला, "ठाकुरवाडीचा. अनवानी. मेल्याचं काम करनारा. आता नावात काय ऱ्हायलं, भाऊ?"

ह्यावर मी भाषण दिलं. छापलेलं बदलता येत नाही, सदराची विश्वासार्हता असते, एकदा चुकलो म्हटलं की लोक मागचं सगळं उकरून काढतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उभा होता तसाच, न हलता. "बघा जमलं तं," म्हणाला आणि पायरी उतरून गेला. कोणाला बोलू नका म्हणालो होतो, तरी तुमी सांगितलंत, असं तो एका शब्दानंही म्हणाला नाही. मी त्याची वाट बघत होतो. म्हणाला असता तर मला भांडायला बरं पडलं असतं.

बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. जेवताना म्हणाली, "लिवा की दोन ओळी. तुमचं काय जातंय?"

"सदराला किंमत राहत नाही मग."

"त्याच्या घरात काय ऱ्हातं?"

मी ताट सारून उठलो. पुढच्या अंकात 'काळी चार' म्हणजे काय ते लिहिलं. पेटीवरची चौथी काळी पट्टी, तिला षड्ज मानून गायचं, वगैरे. उत्तर बिनचूक होतं. एका भजनी मंडळानं त्याबद्दल माझा सत्कार केला, नारळ दिला.

त्यानंतर तो आला नाही. आधारकार्डाची प्रत त्याला लागणार नव्हती. मला अधूनमधून आठवण व्हायची, विशेषतः लढाईच्या सिनेमावर प्रश्न आला की. मग मी अंदाजानं लिहायचो. अंदाजानं लिहिलेलंही लोकांना पटायचं.

मध्ये दोन पावसाळे गेले. दिवाळीनंतर एका दुपारी एक बाई दुकानाच्या दारात उभी राहिली. ठाकर बाई. चप्पल हातात घेऊन पायऱ्या चढली. घाट उतरून, मिळेल त्या गाडीनं आली होती, पाय धुळीनं पांढरे झालेले. तिनं कमरेच्या पिशवीतून आधारकार्ड काढलं आणि म्हणाली, "ह्याचा मोठा फोटू करून द्या. भिंतीवर लावायचा हाय."

भिंतीवर, म्हणजे काय झालं ते कार्ड हातात घ्यायच्या आधीच समजलं. कार्डावर तो होता.

"कधी?" मी विचारलं.

"पावसाच्या आधी." कर्जतकडे कुठल्याशा फार्महाऊसवर जांभळीच्या फांद्या छाटायला चढला होता. फांदी मोडली. "शूटिंगचं काम बंद झालं, मंग भेटंल ते करीत व्हते," ती म्हणाली. ती माझ्याशी आमच्या बोलीत बोलत होती, अडखळत, परक्या घरात जपून पाऊल टाकावं तशी. तिच्या वाडीची बोली निराळी आहे आणि मला ती येत नाही. हेही मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मी फोटो मोठा केला. आधारकार्डावरचा फोटो मोठा करून काय होणार? नाकाच्या जागी डाग, डोळ्यांच्या जागी डाग. मी उजेड वाढवून बघितला, कमी करून बघितला. बायको तोवर बाहेर आली होती. तिनं बाईला स्टुलावर बसवलं, ती बसेना म्हणून हाताला धरूनच बसवलं.

बाईनं कागद धरला, लांब नेला, जवळ आणला. "हे त्येंच्यावानी नाय दिसत," म्हणाली.

"दुसरा एखादा फोटो? लग्नातला, कुणाच्या फोनमधला?"

"नाय." मग जरा थांबून तिनं विचारलं, "भाऊ, ती पिक्चर हाय ना, त्यात हे हलतात म्हनं. समदे बोलायचे. मी नाय बघितली. आमच्या वाडीला रेंज नाय, आनि ज्यांच्याकडं व्हती ते नुसते हसायचे, दावायचे नाय. तुमच्याकडं हाय का?"

होती. दीड वर्षं मी ती फोनमध्ये जपून ठेवली होती, माझ्या तीक्ष्ण नजरेचा पुरावा म्हणून. शोधावी लागली नाही. लावायच्या आधी मी आवाज बंद केला, तो ढोल तिला ऐकू जाऊ नये म्हणून. लाल गोल काही मला काढता आला नाही.

तिनं फोन दोन्ही हातांत धरला. उतार, धूर, पडलेली माणसं. मागच्या रांगेत एक पाठ, आणि एक अनवाणी पाय. पाय झटकला. संपलं.

"त्येच," ती म्हणाली. "आंगठ्याच्या बाजूचं बोट वाकडं हाय. परत लावा."

मी परत लावलं. मग कसं लावायचं ते तिला दाखवलं आणि तीच लावत बसली. बोट टेकवायची, पाय हलायचा, थांबायचा, पुन्हा बोट टेकवायची. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी नंतर या म्हणालो. किती वेळा तिनं ते बघितलं ते मी मोजलं नाही.

"मान वर करत नाय का?"

"नाही. एवढंच आहे."

"मंग उठतात ते?"

"ते सिनेमात घेत नाहीत," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली, जणू तेही बरोबरच आहे. मग फोनकडे बघतच म्हणाली, "ते बोलायचे, खालापूरचे भाऊ पेपरात लिवनार हायेत, तो मी नव्हतो म्हनून. मंग सप्लायर परत बोलावनार. दर गुरुवारी बोलायचे, ह्या बारीला येईल." तिनं पुन्हा बोट टेकवलं. "बरं झालं तुमी नाय लिवलं. लिवलं असतं तं हा पाय दुसऱ्याच कोनाचा झाला असता."

तर त्यानं घरी हे सांगितलं होतं. मी नाही म्हणालो, ते सांगितलं नव्हतं. मूळ ते कुणी लिहिलं, तेही सांगितलं नव्हतं. बायको चहाचा कप घेऊन आली आणि तिथंच थांबली. तिनंही ऐकलं होतं.

बाईनं फोन माझ्याकडे दिला. चहाचा कप घेतला. आणि मग तिनं विचारलं, अगदी सहज, लोक मला विचारतात तसं, "भाऊ, येवढे मेलेले पडल्यात त्यात. ह्येंचा पाय हलतो ते पयलं दिसलं कोणाला?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"तुमालाबी म्हाईत नाय?"

"नाही."

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं, पण तिनं पुढे विचारलं नाही. चहा प्यायली, तो डागांचा फोटो नीट गुंडाळून पिशवीत ठेवला, पायरीवर चप्पल घातली आणि गाडी मिळते का बघायला रस्त्याकडे गेली.

बायकोनं स्टुलावरचा रिकामा कप उचलला.

"बघा," ती म्हणाली, "नाय झडली जीभ."